लाकडी लेथची स्वस्त हत्यारं कशी निवडावीत, कशी घासून सुधारावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाकूड फिरवून कातायचा नवा लेथ घरी आला की आठवड्याभरात पहिला फोन येतो, "हत्यारं कोणती घेऊ?" महिन्याभरात त्याच माणसाचा दुसरा फोन येतो, "हत्यार लाकडाला लागतच नाही हो, नुसता भुसा पडतोय." दोन्ही फोनवर मी जवळपास तेच सांगतो. दुकानातून आलेलं स्वस्त हत्यार अर्धवट तयार असतं आणि उरलेलं काम आपल्याला ग्राइंडरवर करावं लागतं. ते काम अवघड नाही, पण कुणी हाताला धरून दाखवल्याशिवाय सुचतही नाही. म्हणून हा सगळा प्रपंच.

आधी तीन शब्द ठरवून घेऊ. गाऊजच्या (म्हणजे खोलगट पात्याच्या पटाशीच्या) पोटातली जी लांब खोलगट नाली असते ती पन्हळ. टोकाला बाहेरून जो उतरता पट्टा घासलेला असतो तो ढाळ. आणि हे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती धार. पुढे सगळीकडे हेच शब्द येतील.

आठ हत्यारांचा स्वस्त संच घ्यावा, की एकेक चांगलं हत्यार?

पहिल्या वर्षासाठी स्वस्त संच घ्यायला माझी हरकत नाही. उलट मी तोच घ्या म्हणतो. एका चांगल्या परदेशी बाऊल गाऊजच्या किमतीत आपल्याकडे अख्खा संच येतो, आणि सुरुवातीला हत्यार लाकडापेक्षा ग्राइंडरवर जास्त झिजतं. शिकताना कोन चुकतो, टोक वाकडं होतं, पुन्हा घासावं लागतं. महागाचं हत्यार हातात असलं की माणूस घासायलाच घाबरतो, आणि न घासता बोथट हत्याराने काम रेटतो. स्वस्त हत्यार बिनधास्त घासता येतं. सहा महिन्यांत ते दोन-तीन सेंटिमीटरने आखूड झालं तरी त्या बदल्यात तुमचा हात तयार झालेला असतो.

मात्र संचात आठ हत्यारं आहेत म्हणून आठही वापरायची गरज नाही.

मग त्यातली कोणती खरंच लागतात?

लाटणं, रवी, भोवरा, खुर्चीचे पाय, देव्हाऱ्याचे खांब अशा उभ्या रेषाच्या (म्हणजे लाकडाचे तंतू लांबीला धरून असलेल्या) कामाला चार हत्यारं पुरतात: चौकोनी लाकूड गोल करायला रफिंग गाऊज, खाचा-गोलाई काढायला १० किंवा १२ मिलिमीटरचा स्पिंडल गाऊज, सफाईला आणि मण्यांना स्क्यू म्हणजे तिरकी पटाशी, आणि कापून वेगळं करायला पार्टिंग. वाटी किंवा वाडगा करायचा असेल तर बाऊल गाऊज स्वतंत्रपणे आणि एचएसएसचाच (हाय स्पीड स्टीलचाच) घ्या. स्वस्त संचात ज्यावर 'बाऊल' लिहिलेलं असतं तो बऱ्याचदा उथळ पन्हळीचा गाऊज असतो. खरा बाऊल गाऊज गोल सळईतून खोल पन्हळ पाडून केलेला असतो आणि त्याला चांगलं वजन असतं. पैसे साठवून एकच हत्यार चांगलं घ्यायचं ठरवलंत, तर ते हे.

संचातले दोन-तीन स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडणारी सपाट हत्यारं, ठेवून द्या. त्यांचं लोखंड पुढे आकार बदलून दुसऱ्या कामाला येतं.

कार्बन स्टील आणि एचएसएस यात नेमका फरक काय?

उष्णता सोसण्याचा. कार्बन स्टीलचं हत्यार साधारण २०० अंश सेल्सियसच्या पुढे तापलं की त्याचं पाणी उतरायला लागतं, म्हणजे ते मऊ पडतं. एचएसएसमध्ये टंगस्टन, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम असतं, त्यामुळे ते ५०० अंशांच्या वर गेलं तरी कडकपणा टिकवून धरतं. ग्राइंडरवर पातळ टोक काही सेकंदांत २०० अंशांना पोचतं, म्हणून नवशिक्याला एचएसएस सोपं जातं. शिवाय त्याची धार लाकडावरही कितीतरी जास्त वेळ टिकते.

पण कार्बन स्टीलला वाईट म्हणू नका. त्याला अतिशय तीक्ष्ण धार येते. आपल्याकडचा कातारी पिढ्यानपिढ्या जमिनीवर बसून, पायाच्या बोटांनी हत्याराला टेकू देऊन काम करत आला, तो लोहाराने घडवलेल्या साध्या पोलादावरच. सावंतवाडीच्या चितारआळीचं लाकडी खेळण्यांचं नाव झालं तेव्हा एचएसएस कुणी पाहिलंही नव्हतं.

हत्यारावर एचएसएस कोरलंय, पण खरं कशावरून?

ठिणगीवरून. ग्राइंडरवर आधी जुन्या कानशीचा तुकडा हलकेच टेकवा: पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्यांचा झाड फुटल्यासारखा फुलोरा उडेल, प्रत्येक ठिणगी पुढे जाऊन तडतडेल. हे कार्बन स्टील. मग एचएसएसचं मोडकं ड्रिल बिट टेकवा: ठिणग्या कमी, आखूड, लालसर-नारिंगी, आणि फुलोरा जवळजवळ नाहीच. आता तुमचं हत्यार टेकवा आणि कुणाशी जुळतं ते बघा. संध्याकाळी कमी उजेडात हा फरक लगेच कळतो. ठिणगी मुठीकडच्या बाजूलाही एकदा पाहा, कारण काही हत्यारांत पुढचाच तुकडा एचएसएसचा असतो आणि मागे साधं लोखंड जोडलेलं असतं. ते चालतं, पण कुठवर घासता येईल हे माहीत असलेलं बरं.

हत्यार नवं कोरं आहे. लगेच घासायचं कशाला?

नवं हत्यार उजेडात धरा आणि धारेकडे सरळ बघा. धार तीक्ष्ण असेल तर ती दिसत नाही, कारण उजेड परतवायला तिथे जागाच नसते. स्वस्त हत्याराच्या धारेवर एक चकाकणारी रेघ दिसते, कधी कधी अर्धा मिलिमीटर जाड. ती रेघ म्हणजे बोथटपणा. ढाळही अनेकदा दोन-तीन पैलूंचा असतो, कारण कारखान्यात तो घाईत पाडलेला असतो. ढाळ एकसंध नसेल तर तो लाकडावर टेकत नाही. आणि गाऊज किंवा स्क्यूचं सगळं तंत्र तर आधी ढाळ टेकवायचा आणि मग मूठ हळूहळू उचलत धार लाकडाला लावायची, यावरच उभं आहे. म्हणून हत्यार लाकडात अचानक अडकून नवशिक्याला बसणारे निम्मे झटके मी हाताच्या चुकीपेक्षा वेड्यावाकड्या ढाळाच्या नावावर लावतो.

ग्राइंडर कोणता घ्यावा?

साधा १५० मिलिमीटरचा बेंच ग्राइंडर पुरतो. ऐपत आणि जागा असेल तर २०० मिलिमीटरचा, आणि मिळाला तर मिनिटाला १४०० फेऱ्यांचा संथ ग्राइंडर घ्या. नेहमीचा २८०० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, त्यावरही शिकता येतं, फक्त हात हलका हवा.

बदलायचा तो दगड. ग्राइंडरबरोबर येणारा राखाडी दगड कडक असतो, लवकर गुळगुळीत होतो आणि मग कापण्याऐवजी हत्यार तापवत बसतो. त्याजागी पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड बसवा, ६० किंवा ८० ग्रिट (कणांचा बारीकपणा), के ग्रेडचा (दगडाचा कडकपणा). पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर दगडाची दुकानं आहेत. जाताना ग्राइंडरच्या दांड्याचा व्यास आणि दगडाची जाडी मोजून न्या, नाहीतर दुसरी फेरी ठरलेली. दगडावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा तुमच्या ग्राइंडरपेक्षा जास्त असली पाहिजे. सोबत एक डायमंड ड्रेसर घ्या. दगडात लोखंड बसून तो काळपट चकाकायला लागला की ड्रेसरचा एक हात मारला की पुन्हा कापायला लागतो.

बसवण्यापूर्वी दगड बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलकेच ठोका. मडकं ठोकल्यासारखा खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर तडा आहे, तो दगड फेकून द्या. चालू केल्यावर पहिलं मिनिटभर बाजूला उभे राहा. टेकणी, म्हणजे ग्राइंडरवर हत्यार टेकवायची पट्टी, दगडापासून ३ मिलिमीटरपेक्षा लांब नको. दगडाच्या कुशीवर घासू नका. डोळ्यांवर संरक्षक चष्मा नेहमी, हातमोजे कधीच नाहीत, ओढणी आणि गळ्यातली साखळी काढून ठेवा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी आग्रहाने सांगतो. ग्राइंडर लेथच्या शेजारी, भुशाच्या ढिगाजवळ ठेवू नका. एक ठिणगी भुशात जाते, धुमसत राहते आणि आपण दार लावून जेवायला गेल्यावर पेट घेते.

कोन किती ठेवायचा? माझ्याकडे कोन मोजायचं काही नाही.

घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्याची कंपास पेटी मागा. त्यातल्या दोन गुण्यांवर आपले जवळजवळ सगळे कोन आहेत. रफिंग गाऊजला ४५ अंश: पहिला गुण्या. स्पिंडल गाऊजला ३० ते ४० अंश, सुरुवातीला ४० च्या जवळ. बाऊल गाऊजला ४५ ते ६० च्या दरम्यान, नवशिक्याला ५५ बरा. पार्टिंगच्या दोन्ही ढाळांमधला कोन ५० ते ६०. स्क्रेपरला ७५, म्हणजे ४५ आणि ३० चे कोन एकमेकांना लावून ठेवा की झालं. जाड पुठ्ठ्यावर किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डावर हे कोन आखून खाचा कापा आणि ग्राइंडरजवळ खिळ्याला टांगून ठेवा.

एक-दोन अंश इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. दर वेळी तोच कोन येणं जास्त महत्त्वाचं, कारण हाताला त्या कोनाची सवय होते.

संचातली स्क्यू सारखी झटके देते. ती सुधारता येईल का?

येईल. सगळ्या संचात सर्वांत जास्त फरक हिच्यातच पडतो, म्हणून हे सविस्तर सांगतो.

स्वस्त स्क्यू म्हणजे चपट्या पट्टीला पाडलेली धार. पट्टीच्या चारही लांब कडा काटकोनात, करकरीत. सफाई करताना स्क्यू तिच्या कडेवर टूल रेस्टवरून (लेथवर हत्यार टेकवायच्या पट्टीवरून) सरकते, आणि ती करकरीत कड रेस्टवर ओरखडे पाडत अडखळत जाते. हत्यार अडखळलं की धारेचं लांब टोक लाकडात घुसतं आणि झटका बसतो. माणसाला वाटतं आपल्याला स्क्यू जमतच नाही.

म्हणून पहिलं काम धारेचं नाही, कडांचं. आखूड टोकाच्या बाजूच्या दोन्ही कडा दगडावर लांबीच्या दिशेने हलकेच फिरवून गोल करा, जवळजवळ अर्धवर्तुळ होईपर्यंत. मग १२० आणि २४० च्या पॉलिश पेपरने बोट सहज घसरेल इतकं गुळगुळीत करा. लांब टोकाच्या बाजूच्या कडा नुसत्या मारून घ्या. त्याच वेळी टूल रेस्टवरचे खड्डे कानशीने काढा आणि वरून मेणबत्ती घासा.

दुसरं काम धारेच्या तिरकेपणाचं. काही स्क्यू फारच तिरक्या येतात, त्यांचं टोक भाल्यासारखं होतं. पट्टीच्या कडेशी धारेने साधारण ७० अंशांचा कोन करावा. मार्करने रेघ आखा आणि हत्यार दगडाला काटकोनात, सरळ धरून त्या रेघेपर्यंत घासा. होय, धार पूर्ण बोथट करायची. इथे भलेभले कचरतात. पण आधी आकार आणि मग धार हा क्रम मोडलात तर दोन्ही बिघडतात.

आता पुढून पाहिलं तर पट्टीच्या टोकावर एक रुंद चकाकता पट्टा दिसेल. तिसरं काम तो पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा घासून घालवण्याचं. ढाळाची लांबी पट्टीच्या जाडीच्या दीडपट ठेवा: ६ मिलिमीटर जाड स्क्यूला ९ मिलिमीटरचा ढाळ. त्याने दोन्ही ढाळांमधला कोन ४० अंशांच्या आसपास येतो, हे कोनमापकाशिवाय. ढाळ मार्करने काळा करा, दगडाला क्षणभर लावा, बघा. काळा रंग वरच्या बाजूला गेला असेल, खालच्या बाजूला गेला असेल, त्याप्रमाणे टेकणी हलवा. पाच-सात वेळा एक बाजू, तितक्याच वेळा दुसरी. मधला चकाकता पट्टा बारीक होत दोऱ्याएवढा होतो, मग केसाएवढा. आता दाब अगदी सोडून द्या. आणि एका क्षणी तो केस नाहीसा होतो. तिथे थांबा. त्यापुढे घासलेलं सगळं लोखंड वाया.

शेवटी तेलाच्या दगडावर किंवा हिरवं पॉलिश चोळलेल्या जुन्या चामडी पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी आठ-दहा हात मारा. बाकीची हत्यारं थेट ग्राइंडरवरून वापरली तरी चालतात, पण स्क्यूला हा शेवटचा हात हवाच. मऊ लाकडावर लावून बघा. कागदासारखं लांब सालपट निघेल आणि खालचं लाकूड पॉलिश केल्यासारखं चमकेल.

स्पिंडल गाऊजला नखासारखा आकार कसा देऊ?

स्वस्त गाऊजची धार बहुधा सरळ कापलेली असते. त्यामुळे दोन्ही कोपरे पुढे येतात आणि खाच काढताना तेच लाकडात अडकतात. बोटाच्या नखासारखी गोल धार केली की कोपरे मागे जातात.

इथेही आधी आकार. पन्हळ खाली करून गाऊज दगडावर पालथा धरा आणि कोपरे मागे घासत जा, वरून पाहिल्यावर करंगळीच्या नखाचा आकार दिसेपर्यंत. मग गाऊज सरळ करा. आता धारेच्या जागी चकाकती कड दिसेल, आणि ती सगळीकडे सारखी नसेल: बाजूंना जाड, मध्ये पातळ. एकच नियम पाळा. चकाकी जिथे जाड आहे तिथे घासा, जिथे पातळ आहे तिथे हात लावू नका. गाऊज टेकणीवर ठेवून मनगटाने एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळवायचा आणि लोळवताना कुशीच्या बाजूला मूठ किंचित वर न्यायची. नवशिके मधल्या भागावर रेंगाळतात आणि टोक सपाट होतं, किंवा बाजूंवर रेंगाळतात आणि टोक पोपटाच्या चोचीसारखं होतं. दोन्ही वेळा उपाय तोच: पुन्हा आकार, मग पुन्हा धार.

सरावासाठी संचातला सर्वांत नावडता गाऊज घ्या. तीन वेळा आकार मोडून पुन्हा करा. चौथ्या वेळी आपला हात आपल्यालाच ओळखू येत नाही.

जिग घ्यावी का?

गाऊजसाठी जिग, म्हणजे घासताना हत्यार ठरलेल्या कोनात धरणारं साधन, असली तर दर वेळी आकार हुबेहूब तोच येतो. कॅनडाच्या वनवे कंपनीची वुल्व्हरिन ही जगभर वापरली जाणारी जिग, पण आपल्याकडे ती मागवायला बरीच महाग पडते. तिचं तत्त्व साधं आहे: मुठीचं टोक एका ठरलेल्या खोबणीत टेकवायचं, आणि गाऊज एका ठरलेल्या लांबीवर पकडायचा. प्लायच्या तुकड्यांतून सरकती पट्टी आणि इंग्रजी व्ही आकाराची खोबण घरी करता येते. सपाट हत्यारांना, म्हणजे स्क्यू, पार्टिंग आणि स्क्रेपरला, जिग लागत नाही. रुंद टेकणी पुरते.

पन्हळीच्या आतूनही काही करायचं असतं का?

हो, आणि हे बहुतेक जण विसरतात. ढाळ कितीही सुंदर घासला तरी पन्हळीत यंत्राचे ओरखडे असतील तर धार करवतीसारखी दातेरी राहते. लाकडी गोल काडीला पॉलिश पेपर गुंडाळा, २२० पासून ६०० पर्यंत, आणि पुढचे दोन-तीन सेंटिमीटर आतून चमकवा. काडी पन्हळीला चिकटूनच चालवा, तोंडाशी वर उचलली तर धार गोल होते. एकदा केलं की बरेच महिने बघावं लागत नाही.

घासताना टोक निळं पडलं. हत्यार गेलं का?

एचएसएस असेल तर काही झालेलं नाही. कार्बन स्टील असेल तर निळा रंग म्हणजे तिथलं तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि तेवढा भाग मऊ पडला. पिवळसर गवती रंग दिसला तर ती सूचना समजा. निळं झालेलं टोक हळूहळू, थंड ठेवत घासून काढा, खाली चांगलं पोलाद असतं. माझ्या पहिल्या संचातल्या स्क्यूचं लांब टोक मी असंच निळं केलं होतं आणि रंग गेला म्हणजे दोष गेला असं समजून वरवर पॉलिश पेपर मारला. पंधरा मिनिटांत ते टोक पुन्हा बोथट. रंग घासून भागत नाही, लोखंड घासावं लागतं.

फारच मोठा भाग बिघडला असेल तर लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घेता येतं. टोक लाल करून, त्याला चुंबक चिकटेनासं झालं की तेलात बुडवायचं आणि मग तासभर २०० ते २२० अंशांवर ठेवून ठिसूळपणा काढायचा.

घासताना पाण्यात बुडवावं का?

कार्बन स्टील जरूर, आणि वारंवार. ओलं करून दगडाला लावा. धारेजवळचा पाण्याचा थेंब सुकायला लागला की परत पाण्यात. थेंब आहे तोवर पोलाद सुरक्षित आहे. एचएसएस मात्र खूप तापलेलं असताना पाण्यात टाकू नका. अचानक थंड झाल्याने धारेत न दिसणारे तडे जाऊ शकतात. त्याला लोखंडाच्या ठोकळ्यावर ठेवून वाऱ्यावर निवू द्या.

रफिंग गाऊज मोठा आणि मजबूत दिसतो. त्यानेच वाटी कोरली तर?

नको. ही या पानावरची सर्वांत गंभीर सूचना आहे. रफिंग गाऊज पुढे जाड दिसला तरी मुठीत जाणारी त्याची शेपटी चपटी आणि बारीक असते. उभ्या रेषाच्या लाकडावर तिच्यावर फारसा ताण येत नाही. वाटीचं लाकूड आडव्या रेषाचं असतं, प्रत्येक फेरीत दोनदा आडवा रेषा धारेवर येऊन आदळतो, हत्यार रेस्टच्या बरंच पुढे गेलेलं असतं, आणि शेपटी मुठीच्या तोंडाशी मोडते. पुढचा अणकुचीदार तुकडा मग कुठे जाईल ते कुणाच्याच हातात नसतं.

मी हे केलेलं आहे. आंब्याच्या लाकडाची वाटी होती. शेपटी मोडली नाही, वाकली, आणि मूठ उसळून मनगटावर बसली. मनगट तीन आठवडे बांधलेलं होतं. तो वाकलेला गाऊज मी टाकला नाही, शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी तोच हातात देतो.

जुन्या कानशीपासून हत्यार करता येईल का?

कानस उत्तम कार्बन स्टीलची असते, पण आहे तशी अतिशय ठिसूळ असते. लेथवर झटका बसला तर काचेसारखी तुटते. तिला मी गाऊजसारख्या कामाला वापरू देत नाही. छोटा स्क्रेपर करायचाच असेल तर आधी दाते पूर्ण घासून काढा, कारण प्रत्येक दात ही तडा सुरू व्हायची जागा असते. मग ओव्हनमध्ये २२० अंशांवर तासभर दोनदा ठेवून निवू द्या, आणि वापरताना रेस्टच्या पुढे दोन सेंटिमीटरहून जास्त काढू नका.

त्यापेक्षा धातूच्या लेथचे एचएसएस टूल बिट घ्या. १० मिलिमीटरची चौकोनी कांडी कुठल्याही वर्कशॉपच्या सामानाच्या दुकानात मिळते. जाड लोखंडी सळईच्या तोंडाला खाच पाडून, वरून स्क्रूने ही कांडी आवळली की डबी आतून पोखरायला फार उपयोगी हत्यार होतं, आणि टोक हवं तसं घासता येतं.

कार्बाइडची पाती असलेली हत्यारं घेतली तर हा सगळा खटाटोप वाचेल का?

धार लावणं वाचेल. पातं फिरवायचं, झिजलं की बदलायचं. ज्यांना आठवड्यातून तासभरच मिळतो त्यांना मी आडकाठी करत नाही. पण ही पाती बहुतेक वेळा लाकूड खरवडतात. पांगारा, आंबा अशा मऊ लाकडावर रेषा उपटून निघतो आणि पॉलिश पेपर घासत बसावं लागतं. गाऊजने कापलेलं लाकूड हाताला लागलं की फरक सांगावा लागत नाही.

मूठ सैल आहे आणि आखूडही वाटते.

मूठ काढून टाका आणि नवी करा. पहिल्या महिन्यातला याहून चांगला अभ्यास नाही. बाभळीचं सुकं लाकूड मिळालं तर तेच घ्या, बैलगाडीपासून कुऱ्हाडीच्या दांड्यापर्यंत आपण ते उगाच वापरत आलो नाही. स्पिंडल गाऊजला ३० सेंटिमीटर, बाऊल गाऊजला ४० च्या पुढे लांबी ठेवा. तोंडाशी तांब्याच्या किंवा पितळी पाइपचा तुकडा कडी म्हणून ठोकून बसवा, भोक शेपटीच्या जाडीप्रमाणे दोन टप्प्यांत पाडा आणि एपॉक्सी भरा.

सायकलवरच्या धारवाल्याकडून धार लावून घेतली तर?

तो सुरी आणि कात्रीचा माणूस, त्या कामात वाकबगार. पण लेथचं हत्यार तासाभरात दोन-तीनदा ग्राइंडरला न्यावं लागतं, सागवान असेल तर त्याहून जास्त, कारण सागात असलेली सिलिका धार खाते. धार लावणं हा लेथकामाचाच भाग आहे, बाहेर देता येत नाही.

धार गेली हे कसं ओळखायचं?

सालपटांऐवजी भुसा पडायला लागतो, हात आपोआप जास्त दाबायला लागतो, आवाज कापण्याचा न राहता घासण्याचा येतो, आणि कधी जळका वास येतो. यातलं पहिलं चिन्ह दिसलं की उठा. मार्कर, दगडावर एक हलका हात, परत कामाला. अर्धं मिनिट लागतं. स्क्रेपरची गोष्ट वेगळी: त्याच्या वरच्या कडेला ग्राइंडरने जी बारीक बूर (उलटून वर आलेली लोखंडाची कड) येते तीच कापत असते, म्हणून ती पुसू नका.

मी अमेरिकेत आहे. इथली मापं आणि इंग्लंडची मापं जुळत नाहीत, असं का?

बाऊल गाऊजचं माप इंग्लंडमध्ये पन्हळीच्या रुंदीवर सांगतात, अमेरिकेत सळईच्या व्यासावर. त्यामुळे इंग्लंडचा तीन अष्टमांश इंची गाऊज म्हणजे अमेरिकेचा अर्धा इंची. खरेदी करताना सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये बघा, घोळ मिटतो. तिथे पेन स्टेट इंडस्ट्रीजच्या बेंजामिन्स बेस्ट या नावाने स्वस्त एचएसएस हत्यारं मिळतात. त्यांनाही वरचे सगळे उपचार लागू.

जुन्या बाजारात हत्यारं बघावीत का?

अवश्य. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. पन्हळीत गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्या, तिथे धार येत नाही. बाहेरचा गंज चालतो. मूठ मोडकी असेल तर उत्तम, भाव कमी होतो. लांबी किती उरली आहे ते बघा आणि शेपटी सरळ आहे ना ते बघा.

सुधारलेली हत्यारं पहिल्यांदा कशावर चालवू?

कडुनिंब किंवा आंब्याची ताजी, ओली फांदी घ्या, मनगटाएवढी जाड, एक फूट लांब, गाठ नसलेली. ओलं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं आणि धूळ उडत नाही. रफिंग गाऊजने गोल करा, स्पिंडल गाऊजने सहा खाचा काढा, स्क्यूने त्या पुन्हा सपाट करा. फांदी पेन्सिलीएवढी होईपर्यंत हेच. दुसरी फांदी घ्या. चौथ्या-पाचव्या फांदीनंतर सुकं शिसव किंवा बाभूळ लावा आणि घरच्या पोळपाटाच्या मापाचं एक लाटणं करा. मधोमध केसभर जाड, दोन्ही टोकांकडे उतरतं, शेवटचा हात स्क्यूचा, पॉलिश पेपर अजिबात नाही. ज्यांच्या हातात ते रोज असणार आहे त्यांना दुसऱ्या दिवशी विचारा, पोळी कशी फिरली.